रेश्मा काळोखात काय बघत होती

मावशी, आणि आज मोरव्यात रेश्माच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांनो,

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. मी रेश्माबरोबर प्रयोगशाळेत काम करते. 'करत होते' म्हणायला हवं. ते अजून जमत नाही.

काल मावशींनी, तिच्या आईने, मला विचारलं, "पोर आख्खा दिस काळोखात बसं. काय बघत व्हती, मला कदी कळलाच न्हाय. लगीन न्हाय, संसार न्हाय. फुकट गेली का गं?"

आज उत्तर देते.

मावशी, ती मेंदू घडताना बघत होती. उंदराच्या गर्भातल्या पेशींमध्ये एक जनुक असतं. ते चालू होतं, बंद होतं, पुन्हा चालू होतं. रेश्माने त्याला उजेड जोडला होता. जनुक चालू झालं की पेशी उजळते, बंद झालं की मावळते. काळोखात खाडीवर लांबच्या होड्यांचे दिवे लाटेमागे जातात, पुन्हा वर येतात, तसं. फार मंद. डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. म्हणून तो काळोख.

आधी आम्ही सगळ्या पेशींच्या उजेडाची सरासरी काढायचो. रेघ सपाट यायची. आम्ही म्हणायचो, काहीच घडत नाहीये. रेश्मा हसली. "अगं शहाणे, मासळी बाजाराच्या दारात उभी राहिलीस तर नुसता गलका. एकीच्या पाटीसमोर बस, मग भाव कळेल."

मग तिने एकेक पेशी पाहिली. प्रत्येक आपापल्या लयीत उजळत होती.

ही लय चालते तोवर पेशीचं काही ठरलेलं नसतं. ती आपल्यासारख्या आणखी पेशी देत राहते. जनुक कायमचं शांत झालं की ती चेतापेशी होते, मग पुन्हा विभागत नाही. सगळ्यांनीच घाईने ठरवलं तर? मेंदू लहान राहतो.

तुम्ही तिला विचारायचात, "कवा ठरवनार?" ती म्हणायची, "आये, घाई कसली?" पेशींवरून माणसांबद्दल काही सिद्ध होत नाही. मी तसं म्हणणार नाही. पण तिने जे पाहिलं, ते आमच्यापैकी कुणालाही दिसलं नव्हतं. फुकट नाही गेली, मावशी.

आता दिवे मालवा. मोबाइल पालथे ठेवा, ती आम्हाला तसंच सांगायची. तिने टिपलेली फिल्म भिंतीवर लावते. फिल्मला आवाज नाही. आपणही करू नये.

मावशी, पुढे येऊन बसा. हे बघत होती ती.