बिनकागदाचा गालिचा

(ट्युनिशियातल्या कैरुआन शहरातलं एक घर. मागावर अर्धा गालिचा. देलंदा आणि तिची भावजय नजिया.)

देलंदा : खोटं बोलू नकोस. काल मी इथवर आले होते. आज चार ओळी गायब. माझं काम कोण उसवतं?

नजिया : उंदीर उसवत असतील, वन्सं.

देलंदा : उंदीर गाठी मोजून सोडवत नाहीत.

नजिया : बरं, मी सोडवते. झालं समाधान?

देलंदा : कधीपासून?

नजिया : ईदपासून. तुम्ही दुपारी पडलात की सोडवते आणि पुन्हा बांधते. काल पाहुणे आले, बांधायचं राहिलं.

देलंदा : या घरात आलीस तेव्हा तुला साधी गाठ मारता येत नव्हती. माझ्याच हाताखाली शिकलीस, आता माझ्याच हाताला नावं ठेव.

नजिया : हात उत्तम आहे. मोजणी चुकते. तोंडानं सात निळ्या म्हणता आणि नऊ मारता. मधला चौकोन एका अंगाला कसा फुगलाय बघा.

देलंदा : मला डोळे आहेत.

नजिया : परवा कात्री हवी होती, तर 'ते, ते कापायचं' म्हणत बसलात. गॅस पेटता ठेवून गच्चीवर गेलात.

देलंदा : माझी गाठ छातीत होती, डोक्यात नाही.

नजिया : डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा मी शेजारीच होते. केमोनं असं होतं म्हणाल्या. आठवण, मोजणी, शब्द. वेड नव्हे, बहुतेकांचं हळूहळू सुधारतं. घरी येऊन तुम्ही काय सांगितलंत? 'सगळं छान आहे.'

देलंदा : आणि तू गल्लीभर सांगितलं असशील.

नजिया : एका शब्दानं नाही. पण हा गालिचा माझ्या लेकीबरोबर सासरी जाणार आहे. तिथल्या बायका आधी तो उलटा करून बघतील.

देलंदा : सरळ म्हण ना, माग सोडा.

नजिया : तुम्ही सोडणार आहात? ही वही घ्या. तुमचा जुना गालिचा मोजून सगळी नक्षी चौकटींत उतरवलीय, एका गाठीला एक चौकट. मी वाचते, तुम्ही गाठी मारा.

देलंदा : वही कारखान्यातल्या पोरींना लागते. माझ्या आईनं जन्मात कागद बघितला नाही. मीही नाही.

नजिया : मग भाचीला वाकडा गालिचा द्या. आत्यानं विणलाय म्हणून सांगेल ती.

देलंदा : फार माजलीस तू.

नजिया : तुमच्याच हाताखाली शिकले.

देलंदा : दार लाव.

नजिया : उकडतंय, वन्सं.

देलंदा : लाव म्हणते ना. हं, वाच आता. हळू आवाजात, शेजारी ऐकू जायला नको.