ते एक वाक्य सोडून काहीही

…आणि वर तो दिग्दर्शक मला म्हणतो काय, "मॅडम, तुम्हाला तर हे वाक्य अगदी सहज यायला पाहिजे!" सहज? मला? का, तर मी दत्तक आहे म्हणून! अहो, मागे मी एका चेटकिणीला आवाज दिला, तेव्हा नाही कुणी विचारलं, की मॅडम, तुम्ही घरी झाडूवर बसून फिरता का! त्याच्या आधी मी बेडूक झाले होते. चांगला बोलका बेडूक, गाणीबिणी म्हणणारा. तेव्हा नाही कुणाला वाटलं की हिला डबक्यात राहायचा अनुभव असेल! पण दत्तक मुलीचा पिक्चर आला रे आला, की सगळे माझ्याकडे असे बघायला लागतात, जसं काही माझ्यावर शिक्काच मारलाय. मी सरळ सांगितलं, सगळं म्हणेन, ते एक वाक्य नाही म्हणणार. नाही म्हणणार म्हणजे नाही म्हणणार!

थांबा, तुम्हाला नीट सांगते. माझं काम डबिंगचं. परक्या भाषेतला पिक्चर येतो, पडद्यावरची बाई तोंड हलवते आणि आवाज येतो तो माझा. तुम्ही मला रस्त्यात ओळखणार नाही, पण तुमच्या घरात येऊन मी कितीदा मेलेय, कितीदा बाळंत झालेय, त्याला हिशोबच नाही. खोली एवढीशी, पंखा लावायचा नाही कारण तो पण रेकॉर्ड होतो. कडक इस्त्रीचे कपडे घालायचे नाहीत, सळसळतात. पोट रिकामं ठेवायचं नाही, नायिकेला मिठी मारली जात असताना मध्येच माझं पोट गुरगुरतं! काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, ज्याच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलत नाही, आणि त्याच्या शेजारी आमचा दिग्दर्शक. त्याला आम्ही हुंदकेसाहेब म्हणतो. अर्थात पाठीमागे. कारण काहीही करा, बटण दाबून हा आतमध्ये एकच सांगणार, "छान, छान… आता फक्त एक हुंदका टाका." अहो, ती बाई पत्ता विचारतेय! पत्ता विचारताना कशाला हुंदका? "तरी टाका. असू दे."

तर हा पिक्चर. नायिका वकील. मोठी नावाजलेली, कोर्टात भल्याभल्यांच्या तोंडून खरं काढणारी! आणि स्वतःच्या घरात माळ्यावर काय ठेवलंय, ते हिला तिशी उलटेपर्यंत पत्ता नाही. मग एक दिवस ही माळ्यावर चढते, पेटी उघडते, पेटीत निघतो बाळाचा पायमोजा. एकच! दुसरा कुठाय? दुसरा तिच्या खऱ्या आईच्या उशाखाली, समुद्रापलीकडे! मला सांगा, एवढी वर्षं एक मोजा उशाखाली घेऊन कोण झोपतं हो? आमच्या घरातले मोजे तर धुवायला टाकले की लगेच एकटे होतात. मग आम्ही काय सगळेच दत्तक का?

बरं, मोजा सापडला. मग ही जिन्यात उभी राहते, बाहेर वादळ, दिवे गेलेले, खाली तिची म्हातारी आई हातात मेणबत्ती घेऊन उभी. हीच ती, जिने हिला वाढवली, शिकवली, वकील केली. आणि ही बया वरून ओरडते, "तू माझी आई नाहीस!" झालं! म्हातारीच्या हातातली मेणबत्ती पडते, व्हायोलिन सुरू, हुंदकेसाहेब खूश. पुढे ही बोटीत बसून जाते, बंदरावर एक बाई मासे विकत बसलेली असते, तिच्याकडे एकदा बघते आणि ओळखते! नुसतं बघून! रक्ताने रक्ताला ओळखलं म्हणे. अहो, माझ्या बँकेतली बाई मला दर महिन्याला बघते, तरी दोन ओळखपत्रं दाखवल्याशिवाय ओळखत नाही मला!

आणि आमच्याकडे काय झालं ते ऐका. माझी आई एकटीच. लग्न नाही केलं. बसवर कंडक्टर होती. तिने दारात उभं राहून एकदा "मागे सरका" म्हटलं, की सगळी बस मागे सरकायची, बाहेर फुटपाथवरची माणसंपण थोडी सरकायची. तर मी एवढीशी होते, शाळेत जायची घाई, ती माझी वेणी घालत होती. म्हणाली, "हलू नकोस. तू काही माझ्या पोटातून आलेली नाहीस, मी जाऊन तुला घेऊन आले. हलू नकोस म्हटलं ना, भांग वाकडा होतोय." मी विचारलं, "चालत?" म्हणाली, "नाही, बसने. स्टाफच्या पासावर." संपला पिक्चर! ना वादळ, ना मेणबत्ती. रिबीन बांधली आणि ढकललं शाळेत.

म्हणजे तुम्ही म्हणाल, मग बाई, तुला एवढा राग कशाचा? बोलून टाकायचं ते वाक्य, खोटंच तर आहे! तसं नाही हो. माझी आई एवढी वाघीण बाई, पण दत्तक मुलांचा पिक्चर बघून आली ना, की एकदम मऊ होते. मला आठवडाभर "बाळ" म्हणते. "बाळ, दमलीस का? बाळ, पाणी देऊ?" आयुष्यभर जिने मला घोडे, गधडे याशिवाय हाक मारली नाही, ती बाळ म्हणायला लागली की मी आधी तिला ताप आहे का ते बघते! आणि मग हळूच, माझ्याकडे न बघता, कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणते, "तुला शोधायचं असेल तर शोध हो. मी मुळीच अडवणार नाही." मी म्हणते, "काय शोधू? तुझा चष्मा? डोक्यावर आहे." तर म्हणते, "चेष्टा नको. आपलं सांगून ठेवलं." आणि एकच घडी पुन्हा पुन्हा घालत बसते.

आणि त्यात भर म्हणजे, माझा आवाज असलेला प्रत्येक पिक्चर ती पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला बघणार. बघणार म्हणजे काय, ऐकणार! चक्क डोळे मिटून बसते. का, तर "चेहरा त्या बाईचा, तो बघून मी काय करू?" बेडकाच्या पिक्चरलासुद्धा अशीच डोळे मिटून बसली होती, आजूबाजूला सगळी पोरं खिदळतायत आणि ही आपली ध्यान लावून. आता तुम्हीच सांगा. अंधारात, डोळे मिटून बसलेल्या माझ्या आईच्या कानात मी माझ्याच आवाजात ओरडू, तू माझी आई नाहीस? आणि वर एक हुंदका टाकू? माझी जीभ झडेल! नाही म्हणणार म्हणजे नाही म्हणणार!

हुंदकेसाहेबांना सांगितलं तसं. त्यांनी बटण दाबलं. "मॅडम, पण हाच तर पिक्चरचा प्राण आहे." मी म्हटलं, प्राण गेला उडत. "मॅडम, तुम्ही कलाकार आहात ना?" मी म्हटलं, आहे, म्हणून तर सांगतेय, कुठल्या घरात मुलगी जिन्यात उभी राहून असं बोलते? मुलगी फार तर दार आपटते आणि जेवणार नाही म्हणते! "मॅडम, तुमचं सगळं दुःख आत साठलंय, ते फक्त बाहेर येऊ द्या…" दुःख! अहो, माझं दुःख एवढंच आहे की या खोलीत पंखा नाही! मी हेडफोन काढून खुंटीला अडकवले. मग काचेपलीकडून तो रेकॉर्डिस्ट, जो जन्मात कधी बोलत नाही, तो म्हणाला, "तोंड जुळेल असं दुसरं काहीतरी बघा ना." बघा, अक्कल ही अशी गप्प बसलेली असते! मी पडद्याकडे बघितलं, ती बया तोंड उघडत होती, मिटत होती. मी म्हटलं, "तू माझं ऐकतच नाहीस!" बसलं की हो! अगदी ओठाला ओठ लागून बसलं. आणि खरंही आहे, आईला दुसरं काय म्हणतो आपण? हुंदकेसाहेबांनी कपाळाला हात लावला, पण म्हणाले, बरं, घ्या. घेतलं. एक हुंदकापण टाकला, फुकट.

मी घरी आले ती अशी ताठ मानेने! जिंकून आले होते हो मी. पिक्चर लागला, आईला घेऊन गेले, कोपऱ्यातली खुर्ची दिली, स्वेटर दिला, तिने डोळे मिटले. माळा आला, पेटी आली, मोजा आला. मी आपली निवांत. वादळ आलं. मेणबत्ती आली. नायिकेने तोंड उघडलं आणि… "तू माझी आई नाहीस!"

पण माझ्या आवाजात नाही! कुणा दुसऱ्याच बाईच्या! माझ्या मागे त्या हुंदक्याने दुसरी बोलावून तेवढंच वाक्य तिच्याकडून म्हणवून घेतलं आणि माझ्या बोलण्यात मध्येच ठिगळासारखं चिकटवलं होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार, एवढ्यात शेजारून, सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं असताना, तो कंडक्टरचा आवाज निघाला.

"ही कोण बोलली?"

डोळे टक्क उघडे! पुढच्या रांगा मागे वळल्या. एक बाई तर आणखीनच रडायला लागली, तिला वाटलं पिक्चरमधली म्हातारीच विचारतेय. मी म्हटलं, "आई, हळू." तर "हळू काय हळू? आमच्या हिचा आवाज मध्येच कुठे गेला?" टॉर्चवाला आला. टॉर्चवाल्याला म्हणाली, "मागे सरका." तो सरकला!

मध्यंतरात मला ओढतच बाहेर नेलं, मक्याच्या लाह्यांच्या काउंटरपाशी उभं केलं. "आजारी होतीस?" नाही. "मग ते एक वाक्य दुसरीने का म्हटलं?" मी म्हटलं, मीच नाही म्हणाले. "का?" आता काय सांगणार? म्हटलं, तुला वाईट वाटेल म्हणून. मला वाटलं, आता हिच्या डोळ्यात पाणी येणार, मला जवळ घेणार… शेवटी मीही असले पिक्चर करते ना हो, डोक्यात तेच येणार! कसलं काय! ती अशी भडकली, की लाह्यावाल्याने मशीन बंद केलं.

"मला वाईट वाटेल? मी भरल्या बसमध्ये दारुड्यांना गचांडी धरून उतरवलंय, आणि मी एका मोज्याच्या पिक्चरने मोडणार? मी काय काचेची आहे?"

"मग ते शोध, शोध, अडवणार नाही, ते काय असतं? आठवडाभर बाळ बाळ काय असतं?"

आई स्वेटरची बटणं लावायला लागली, तीही चुकीची. मग म्हणाली, "भीती वाटते मला. वाटतेच. तू इथे आलीस त्या दिवसापासून वाटते, की कोणीतरी येईल आणि म्हणेल, ही आमची, द्या परत. म्हणून काय तू काम टाकून यायचं? भीती माझी आहे, मी बघून घेईन तिचं. तू तुझं काम बघ."

खरं सांगते, मला रडूच आलं. आणि हुंदका टाकावा लागला नाही, आपोआप आला. मी म्हटलं, "कुणी येऊ दे तर खरं, जिन्यातच अडवते. मी कुठे जात नाहीये, कळलं?" तर ही म्हणते, "ते ठीक आहे. आता ते वाक्य म्हण." कुठलं? "तेच. इथे. आत्ता." अहो, लाह्यावाला बघतोय, माणसं बघतायत! मी म्हटलं, तू माझी… आणि अडकले. खोकला आला. आई म्हणाली, "बघ! अडकलं. खोटं वाक्य आहे, तरी घाबरलीस. घसाच तुझी भाकरी, आणि त्यात हे घेऊन बसशील तर उद्या खाशील काय? म्हणायची सवय कर."

आणि तेव्हापासून तुम्हाला सांगते, घरात छळ मांडलाय! सकाळी मी दात घासतेय, मागून आवाज येतो, "म्हण!" भाजी चिरतेय, "म्हण!" पाहुणे आले, की त्यांना नीट बसवते, पाणी देते आणि म्हणते, "आमच्या हिचा आवाज ऐका. जा गं, जिन्यात उभी राहा." जिन्यात! आणि खाली स्वतः उभी राहते, हातात मेणबत्ती नाही म्हणून टॉर्च घेऊन! जे वाक्य पैसे मिळत असताना म्हटलं नाही, ते आता फुकट म्हणतेय, शेजारीपाजारी ऐकतायत, खालच्या मजल्यावरचा न्हावी तर दुकान सोडून वर येतो. काल मावशी आली होती. मी म्हटलं, आज होऊनच जाऊ दे. जिन्यात गेले, श्वास घेतला आणि असं खणखणीत म्हटलं, की मावशीच्या हातातला कप हिंदकळला. "तू माझी आई नाहीस!" न अडकता! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वरून आईकडे बघितलं. आई टॉर्च विझवत शांतपणे म्हणते, "बरं म्हटलंस. पण त्या दुसरीने जास्त मनापासून म्हटलं होतं."

आता सांगा! आणि हे पिक्चरवाले मला म्हणतात, जा, बोटीत बस, खरी आई शोध. अहो, कशाला शोधू दुसरी? ही एकच आवरत नाहीये मला!