सासूबाई आणि गारठलेला गॅस

स्पितीच्या थंडीत सासूबाईंना कशाला नेतेस, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? मग ऐका. सकाळी तंबूबाहेर चहाची तयारी केली, तर कॅम्पिंगचा तो छोटा गॅसचा डबा पार गारठलेला. शेगडी पेटेचना. नवरा सरळ डब्याच्या बुडाला लायटर धरायला गेला. सासूबाईंनी फटकन त्याच्या हातावर चापट मारली.

“मेल्या, फुटेल ना तो! गावी आगाशीला आपण केळीचे घड काय जाळावर पिकवतो? नुसती ऊब द्यायची.”

डबा शेगडीपासून सोडवून त्यांनी शालीत पोटाशी धरला. थोड्या वेळाने परत जोडला, तर काय सांगू, निळीशार ज्योत!

“डोंगर बघायला आलात ना? मग तिकडे बघा.”

समोर अख्खा हिमालय सोनेरी झाला होता, आणि आम्ही दोघं सासूबाईंकडेच बघत बसलो होतो.