कोंबडा वेदीपाशी, अमोसराव आक्काच्या दारी

मंडळी, ऐका — मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा! देवाचं म्हणणं कधी मानायचं? भीती गेल्यावर, की भीती पोटात असतानाच? माना तर डोलावताय, पण कशाला ते कळलंय का?

तर आपले अमोसराव पाटोळे. चर्चच्या मंडळीचे पंच, दानाची थाळी फिरवणारे, आवाज असा की पेटीची गरज नाही. "सांगशील तिथं जाईन, प्रभू" हे पद लागलं की डोळे मिटून गायचे. आणि जायचे कुठं? घरी — जेवायला!

या गड्याला भीती कुणाची? वाघाची नाही, पोलिसाची नाही. सख्ख्या थोरल्या बहिणीची, तबिथाआक्काची! आई गेल्यावर आक्कानंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. आणि यानं काय केलं? लेकीच्या लग्नात पहिली हळद लावायचा मान आत्याचा. आक्का वाटी घेऊन पुढं आली, तर शहरातल्या व्याह्यांसमोर हा म्हणाला, "आक्का, तू मागं बस. मोठी माणसं आलीत." आक्कानं वाटी खाली ठेवली, पदर सावरला आणि निघून गेली. तेव्हापासून चर्चची पायरी चढली नाही. जिथं अमोसची थाळी, तिथं तिचं पाऊल नाही. एका माणसाच्या तोंडापायी एक बाई देवाच्या घराला पारखी झाली, मंडळी.

मग आला सुगीचा सण, नव्या पिकातलं चर्चमध्ये देवाला वाहायचा. कुणी भोपळा आणला, कुणी बाजरीची कणसं. अमोसरावांनी आणला कोंबडा — चांगला तुरेबाज! ते वेदीपाशी पोचतात न पोचतात, तोच पाळकसाहेबांनी बायबलातलं वचन काढलं: अर्पण घेऊन आलास आणि तुझ्यामुळं दुखावलेलं माणूस आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव. आधी जा, समेट कर.

अमोसरावांना आक्का आठवली. मनात म्हणाले, "प्रभू, उद्या जातो." मग म्हणाले, "प्रभू, मी तिच्यासाठी प्रार्थनाच करतो की!" हसू नका — ही युक्ती ते तुमच्याकडूनच शिकलेत. प्रार्थना केली की चालावं लागत नाही! पण वचनात 'जा' होतं, त्याला काय करणार?

शेवटी कोंबडा वेदीच्या पायाला बांधला आणि भर उपासनेतून निघाले. बायको हळूच म्हणाली, "अहो, पोट बिघडलं का?"

रस्त्यानं भीतीही बरोबर चालत होती. आक्काची जीभ गावाला ठाऊक, पण भीती शिव्यांची नव्हती. आक्का म्हणाली, 'तू माझा कोणी नाहीस,' तर? मग आईच्या जागी जगात कोण उरलं?

आक्का अंगणात शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोन मेलं?"

"कोनी न्हाई, आक्का. मी चुकलो. हळदीच्या दिवशी मला तुझी लाज वाटली. आज माझी वाटतीय."

"आज बरं सुचलं?"

"सुचलं तवाच हुतं. भ्या वाटायचं. अजून वाटतंय."

आक्का उठली, घरात गेली आणि दार लावून घेतलं.

घ्या! आता तुम्ही म्हणाल, देवाचं ऐकलं आणि पदरात काय पडलं? अहो, देव 'जा' म्हणाला होता. 'गेलास की दार उघडेल' असं कुठं म्हणाला होता? अमोसराव ओट्यावर टेकले आणि लहान पोरासारखे रडले. पण उठून गेले नाहीत.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "गेला का रं?"

"न्हाई."

"मग थांब की. लुगडं बदलतीय. सणाला असल्या अवतारात येऊ व्हय?"

मंडळी, आता आपल्याकडं थाळी फिरायची वेळ झाली. पण तुमच्यातल्या काहींना कुणाचा तरी चेहरा आठवलाय, मला इथून दिसतंय. भीती वाटतेय? वाटू द्या, तिला बरोबर घेऊनच उठा. दान इथंच ठेवा. तुम्ही परत येईपर्यंत आम्ही पद म्हणत थांबतो.