एकशे अठरा वीत

(नारिन शहराजवळचं एक डोंगराळ गाव, मे महिन्यातली दुपार. कालिपा नमदा, म्हणजे लोकरीची जाड बैठक, शिवत बसली आहे. समोर तिचा थोरला दीर तोक्तोसुन. दाराआडच्या खोलीत तिचा नवरा मेदेर पडून आहे.)

तोक्तोसुन : ...म्हणून म्हणतो, गुरुवारी त्याला सरळ घोड्यावर बसवतो. वर कुरणात गेला की आठ दिवसांत माणसात येईल.

कालिपा : बसवाल हो. लगाम कोण धरणार? कालपासून दोन घोट चहा पोटात आहे.

तोक्तोसुन : म्हणूनच घोडीचं आंबवलेलं दूध पाहिजे त्याला. गेल्या साली असाच भिंतीकडे तोंड करून पडला होता ना? वर नेला, कुमिस पाजला, आणि गडी शिट्ट्या मारत मेंढ्यांमागे फिरायला लागला.

कालिपा : तसं तुम्ही सांगता.

तोक्तोसुन : अख्खं गाव सांगतं. आणि हे बघ, गावाच्या सातशे मेंढ्या त्याच्या भरवशावर आहेत. गुरुवारी तो नसला तर कळप त्या दुसऱ्या मेंढपाळाकडे, इसाककडे जाईल. एकदा गेला की गेला. त्या गोळ्या बंद कर आधी. त्यांनीच जड केलंय त्याला.

कालिपा : गोळ्यांचं तुम्ही तरी नाव काढू नका, भाऊजी. गेल्या साली वर कुरणात कोणी फेकून दिल्या?

तोक्तोसुन : ठणठणीत माणसाला गोळ्या कशाला, म्हणून...

कालिपा : मग जानेवारीत काय झालं? बारा दिवस डोळ्याला डोळा नाही. पैदाशीचा मेंढा कापून गावजेवण घातलं. बर्फात घोडा दामटत गाणी म्हणत होते, आणि तुम्ही टाळ्या वाजवत होतात.

तोक्तोसुन : मला वाटलं, खुशीत आहे.

कालिपा : मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

तोक्तोसुन : पण ते बारा दिवसांत आटपलं. हे तीन महिने झाले तरी हलत नाही. इतकं कोण पडून राहतं गं?

कालिपा : डॉक्टरीणबाईंना मी हेच विचारलं. म्हणाल्या, या आजारात मनाचं चढणं बहुतेक लवकर संपतं, उतरणं लांबतं. कोणाचं काही आठवडे, कोणाचं कित्येक महिने. तुमच्या माणसाचं किती, ते लिहून ठेवत जा.

तोक्तोसुन : ठेवलंस?

कालिपा : लिहायला कुठे बसते मी. मी शिवते. उठा जरा.

तोक्तोसुन : आता काय झालं?

कालिपा : गेल्या सालच्या नमद्यावर बसलायत तुम्ही. शिवण बघा त्याची. ते पडले त्या दिवशी लाल दोर घेतला. रोज एक वीत, कमी नाही, जास्त नाही. मोजा.

तोक्तोसुन : या वयात नमद्यावर रांगायला लावतेस... एकशे सोळा, सतरा, अठरा. इथून निळा लागला.

कालिपा : त्या सकाळी उठून त्यांनी आपल्या हाताने दाढी केली. आता निळा मोजा. कुरणाकडे निघालो त्या दिवशी गाठ मारलीय.

तोक्तोसुन : ...एकोणीस.

कालिपा : म्हणजे?

तोक्तोसुन : म्हणजे कुमिस तोंडाला लागायच्या एकोणीस दिवस आधीच तो उठला होता.

कालिपा : गोळ्या घेत घेत.

तोक्तोसुन : आणि मी वर्षभर सांगत सुटलो की मीच बरा केला. ओढ्यात टाकल्या गं त्या. या हातांनी.

कालिपा : तुमच्या मनात वाईट नव्हतं.

तोक्तोसुन : मनाला काय चाटायचंय? या नव्या नमद्यावर आज कितवी वीत?

कालिपा : चौऱ्याण्णव. एकशे अठरालाच उठतील असं नाही. जास्तही लागतील. पण संपतं, भाऊजी. एकदा संपलेलं मी पाहिलंय.

तोक्तोसुन : मग कळप मी नेतो. गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत. इसाकला सांगतो, मेदेर मागाहून येतोय.

कालिपा : कधी येतोय विचारलं तर?

तोक्तोसुन : कालिपाचा लाल दोर थांबला की. त्याचा कबरा घोडा नेऊ ना?

मेदेर : दादा... कबऱ्याचा मागचा डावा नाल सैल आहे.

कालिपा : अकरा दिवसांनी बोलले.

तोक्तोसुन : ठोकून घेतो रे. तू पड निवांत.