आरसा, इंडिकेटर आणि चौकोनी देठ

हसा, हसा! भर सकाळी, भर फुटपाथवर, बऱ्यापैकी सभ्य दिसणारा एक माणूस गुडघे टेकून गटाराच्या जाळीशी नाक लावून बसलाय म्हटल्यावर तुम्ही हसणारच, तुमचं काही चुकत नाही, मीसुद्धा हसलो असतो... हसायचोच! पण ही वेळ माझ्यावर आणली कुणी? आमच्या हिनं! आणि हिला बिघडवलं कुणी? त्या फुलांच्या बाईंनी! आता थांबलाच आहात तर टेका जरा त्या कठड्याला, सगळं सांगतो. फक्त तिथे पाय देऊ नका... तिथे नाही हो! हां. तिथे मोहरीच्या कुळातलं कुणीतरी आहे.

तर तुम्हाला सांगतो, माझी ड्रायव्हिंग स्कूल आहे. ती काय, कोपऱ्यावर उभी आहे ती गाडी, टपावर पाटी असलेली... नाही, आज नाहीये ती तिथे. का नाहीये, तेच तर सांगतोय! आयुष्यभर मी लोकांना एकच मंत्र दिला: आरसा, इंडिकेटर, मग ब्रेक. आरसा, इंडिकेटर, मग ब्रेक! झोपेत उठवून विचारा. आणि नजर कुठे? समोर! रस्त्यावर! कडेच्या गवतात नाही!

पण मुलगी नोकरीसाठी लांब गेली आणि आमचं घर एकदम गप्प झालं हो. ही गप्प, मी गप्प, कुकर तेवढा बोलायचा. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून ही त्या बाईंच्या गटात गेली. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, पायात बूट, आणि दर रविवारी पंधरा-वीस मोठी माणसं घेऊन माळावर ओणव्यानं फिरायचं! पहिल्या रविवारी ही घरी आली ती गुडघे मातीनं माखलेले आणि तोंड असं उजळलेलं की मला वाटलं, लॉटरी लागली की काय. मी आपलं कौतुकानं विचारलं, "काय गं, काय काय नावं शिकलीस फुलांची?" तर लगेच बाईंच्या आवाजात, मान अशी वर करून, "अहो, नाव नंतर, आधी कुळ!"

नाव नंतर, आधी कुळ! आमच्या लग्नात हिच्या मामांनीसुद्धा माझं कुळ इतकं तपासलं नव्हतं!

झालं! त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. मी मोहरीची फोडणी देतोय तर ही मागून, "चार पाकळ्या, अधिकच्या चिन्हासारख्या, आणि आत सहा केसर, त्यातले चार उंच, दोन बुटके... लक्षात ठेवा हं, कुठेही असं दिसलं की मोहरीचं कुळ!" मी म्हटलं, अगं कढई पेटेल! सूर्यफूल म्हणजे म्हणे एक फूल नव्हेच, ती सभा असते, शेकडो फुलं दाटीवाटीनं बसलेली. वाटाण्याच्या कुळात एक मोठी पाकळी वर, दोन बाजूंना, आणि खालच्या दोन जोडून होडी केलेली. गाजराच्या कुळात फुलांची छत्री, पण त्यातले काही विषारी, तेव्हा चाखून बघायचं नाही. मी कशाला चाखू? मी काय बोकड आहे? पण खरं सांगू का... ही बोलायला लागली होती. हसायला लागली होती. मला आत कुठेतरी इतकं बरं वाटायचं की मी मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायचो.

एकदा तर मीच जोशात आलो! बाईंचा सगळा गट एका फुलासाठी झुरत होता. पुदिन्याच्या कुळातलं, इथलंच, रानातलं, निळं. सगळ्या कुळांतलं कुणी ना कुणी सापडलेलं, हेच तेवढं हरवलेलं. खूण काय, तर देठ चौकोनी! दोन बोटांत फिरवला की कोपरे लागतात. पानं समोरासमोर, आणि फुलाला दोन ओठ. तर आमच्या गॅरेजमागे मला दिसलं एक रोप. धरला देठ, फिरवला... चौकोनी! मी तिथूनच ओरडलो, "अगं ये, सापडलं!" ही धावत आली, बघितलं आणि म्हणते, "देठ चौकोनी, पानं समोरासमोर, ते खरं. पण ओठ कुठे आहेत? अहो, हे खाजरं आहे!" ते मला एव्हाना कळलंच होतं! दोन दिवस माझा हात मिठाच्या पाण्यात आणि गिअर बदलायला शिकाऊ पोरं. तेव्हा मी शपथ घेतली की आयुष्यात पुन्हा कुठल्याही देठाला हात लावायचा नाही. लक्षात ठेवा हं ही शपथ.

आता बाईंच्या फेऱ्या गावाबाहेर जायला लागल्या. बस काय फुलं बघून थांबते? म्हणून हिनं ठरवलं, गाडी शिकायची. कुणाकडून? माझ्याकडून! घरचीच विद्या! गिअर छान, वळणं छान, चढावर गाडी तर अशी उचलायची की वा! पण रस्त्याच्या कडेला गाडी लावायची म्हटलं की ही शिकलेलं सगळं विसरायची. चाक थेट फुटपाथवर. पहिल्या परीक्षेत फुटपाथवर. दुसऱ्या परीक्षेत फुटपाथवर आणि तिथून कचऱ्याच्या डब्यावर. गल्लीत बोभाटा! समोरचा न्हावी माझी दाढी करता करता, वस्तरा इथे गळ्यावर असताना, म्हणतो, "मास्तर, राग मानू नका, पण आमच्या पोरीला दुसऱ्या स्कूलमध्ये घालावं म्हणतोय... नाही, म्हणजे घरच्यांनाच जमेना, तर..." मी काय बोलणार? वस्तरा त्याच्या हातात!

ते एक वेळ मी गिळलं असतं. पण ही म्हणाली, "आता शेवटची परीक्षा. नाही जमलं तर गाडी नको आणि फुलंही नकोत. लोकांच्या गाडीत किती दिवस लोंबकळत जायचं?" आणि भिंग खुंटीला टांगून ठेवलं. पुन्हा ते गप्प घर? पुन्हा नुसता कुकर?

आला परीक्षेचा दिवस. परीक्षक तेच, मागच्या वेळचे. आम्ही त्यांना थंडगार साहेब म्हणतो. ते कधी हसलेले त्यांच्या आईनं तरी बघितले असतील का, देव जाणे. साहेब पुढे, ही स्टिअरिंगवर, मी मागे. मागे! माझ्या बाजूचा जादा ब्रेक पुढे राहिला आणि मी मागच्या सीटवर पायानं नुसती जमीन दाबतोय! डाव्या-उजव्या वळणांपर्यंत सगळं ठीक. मग तो लांब सरळ रस्ता लागला, कडेला फुटपाथ आणि त्याच्या काठानं पोटरीएवढं गवत, आणि तिकडून कानाला मफलर बांधलेला गवतवाला गवत कापायचं यंत्र घेऊन घर्र... घर्र... करत येतोय. मी साहेबांच्या मानेकडे बघतोय, आता पार्किंग सांगतील, आता सांगतील... आणि तेवढ्यात काय?

आरसा बघितला. इंडिकेटर दिला. ब्रेक! गाडी कडेला, थांबली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद, दार उघडायच्या आधी वळून मागे बघितलं... जे मी महिनोन्महिने घसा फोडून सांगत होतो ते सगळं, एका दमात! आणि उतरून ही गवतात गुडघ्यांवर! साहेब काच खाली करून म्हणतात, "मी थांबायला सांगितलं होतं का?" आणि गवतातून आवाज, "अहो! चौकोनी आहे हो!"

मी दार उघडून धावलो. कुठे? यंत्रासमोर! दोन्ही हात पसरून! तो बिचारा मफलर सोडवत म्हणतो, "काका, बाजूला व्हा, मला चौकापर्यंत संपवायचंय." ही म्हणाली, "ये दादा, इकडे ये. हा देठ तोडायचा नाही, नुसता बोटांत फिरव." त्यानं फिरवला. पुन्हा फिरवला. "आयला, याला कोपरे आहेत की!" आणि यंत्र बंद करून तो शेजारी बसला. "नाव काय हो याचं?" आम्ही दोघं एकदमच बोललो, "नाव नंतर, आधी कुळ!"

तिकडे साहेब गाडीभोवती फेरी मारतायत. पुढचं चाक बघितलं, मागचं बघितलं. फुटपाथपासून वीतभर, दोरी लावल्यासारखी सरळ! रोपाच्या एका पानाला धक्का नाही! पण चेहरा तोच, थंडगार. "पार्किंग झालं असं धरतो. पण विनाकारण थांबल्याचे गुण कापावे लागतील."

"विनाकारण?" ही उठली. पर्समधून भिंग काढलं... खुंटीवरचं भिंग पर्समध्ये कधी आलं, मला पत्ता नाही... आणि थेट साहेबांच्या हातात. "बघा. ओठ बघा आधी."

साहेब वाकले. साहेब वाकलेलेच. गवतवाला, मी, ही, आम्हीही त्यांच्या मागे वाकलो. मग अगदी हळू आवाज आला, "वरचा ओठ लहान आहे... खालचा मोठा."

"हो ना!"

"आणि खालच्यावर ठिपके आहेत."

"आहेत ना!"

साहेब उठले. गुडघे झटकले. पेन काढून लिहिलं आणि मला म्हणाले, "कारण होतं." पास! पास हो! आणि हसले! मी स्वतः बघितलं, त्यांच्या आईनंतर मीच!

तेव्हापासून काय सांगू? तो पट्टा आता कापत नाहीत, गवतवाला वळसा घालून जातो. न्हाव्याची पोरगी माझ्याकडेच शिकते, पार्किंगला गाडी लावायची ती रोपाशेजारी, पानाला धक्का न लावता. आणि माझी गाडी? टपावर 'शिकाऊ चालक' पाटी, आत बाई आणि तीन भिंगवाल्या, स्टिअरिंगवर ही! आज सकाळीच गेल्या माळावर. म्हणून मी, ड्रायव्हिंग स्कूलचा मालक, कामावर चालत निघालो, चालत! आणि चालणारा माणूस खाली बघतो हो, इलाज नाही. जाळीशी हे दिसलं. शपथ आठवली, हात रुमालात गुंडाळला. फिरवला देठ... चौकोनी! पानं समोरासमोर! ओठ? दोन! बघा ना, तुम्हीच बघा! पण हे निळं नाही, पांढरं आहे, हे दुसरंच कुणीतरी आहे त्या कुळातलं, आणि हे मी कधी एकदा हिला सांगतो असं झालंय मला! मघापासून फोन करतोय, वाजतोय, वाजतोय... उचलत नाही. कशी उचलेल? गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे तिला मीच शिकवलंय!