अठराव्या प्रकरणातला आवाज

—अर्धा किलोच दे, गरिमा, एकट्याला किती लागणार? आणि मला घाई नाही, आधी यांचं बघ — भैयाजी, आप ले लीजिए पहले, मुझे टाइम लगेगा — हां, तर काय सांगत होतो, ती कादंबरी. एकवीस तासांची. हो, मी ऐकली, वाचली नाही. तीन पिढ्यांची गोष्ट, आणि तुला सांगतो, एकवीस तासांत त्या घरात एक माणूस धड जेवला नाही! भांडतात, रडतात, जिन्यात उभं राहून जुनी उणीदुणी काढतात — पण पोळ्या कोण लाटतं? किराणा कोण भरतं? तू हसतेस, पण तू दाल बाजारात दुकान चालवतेस, तुला तरी पटेल. त्याच्या आधीची ती खुनाची. चौथ्या प्रकरणात मला कळलं की खून डॉक्टरने केलाय, आणि त्या इन्स्पेक्टरला कळायला एकोणतीस प्रकरणं लागली. एकोणतीस! मी सरळ लिहिलं ॲपवर — तिथे खाली तारे देऊन मत लिहिता येतं ना — लेखकाला एक तारा, वाचणारीला पाच. 'एक श्रोता, लश्कर' या नावाने लिहितो मी, आपल्या भागाचं नाव लावून. वाचणारी कोण? असेल कुणी बाई. नाव कुठे लक्षात राहतं.

आता हे ऐकायचं खूळ कशाला, म्हणशील. डोळे, दुसरं काय. मोतीबिंदू. ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरने पुस्तक बंद केलं, मग शेजारच्या हेमेंद्रने मोबाइलवर हे टाकून दिलं. नाही तर एजी ऑफिसात सरकारी हिशेब तपासण्यात पस्तीस वर्षं काढली मी, डबा खाताना डाव्या हातात पुस्तक — ऐकण्यात ती मजा नाही, बोट घालून मिटता येत नाही की मागचं पान चाळता येत नाही. पण तीन वर्षांत सवय झाली. ऑपरेशन? ते मागच्या दिवाळीत झालं. हो, मागच्याच. मग तीन वर्षं कशी? मी तीन म्हणालो का? बरं, म्हणालो असेन. तू डाळ तोल ना बेटा, ऑडिटरसारखी माझ्याकडे काय बघतेस.

बरं बाई. सीमंतिनी वाचते. तुला माहीत होतं, मला माहीत होतं की तुला माहीत आहे, मग कशाला नाटक — आडनाव लावत नाही, नुसतं 'वाचन : सीमंतिनी'. पण नाव मी नंतर बघितलं, शपथेवर सांगतो. मी भेंडी चिरत होतो. सहज एक कादंबरी लावली आणि पहिल्या वाक्याला सुरी थांबली. माझी पोरगी! तीन वर्षं तिचा आवाज नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही, दाना ओली गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत मी आणि भिंतीवरची पाल — आणि एकदम सीमू बोलायला लागली ओट्यावर! दोन तास तसाच उभा होतो. भेंडी तशीच, काळी पडली. तेव्हापासून चौदा पुस्तकं झाली, प्रत्येक दोनदा. एकदा गोष्टीसाठी आणि एकदा... हां. रद्दी पुस्तकं गं, त्यातली दहा तर रद्दीच, एकात नायिका दर प्रकरणाला बेशुद्ध पडते, पण ऐकली. मागच्या वर्षी एकात पहिल्या चार प्रकरणांत तिला सर्दी होती. नाक चोंदलेलं कळतं ना मला. मी इथे आलं घालून काढा केला आणि मग लक्षात आलं की देणार कुणाला, म्हणून मीच प्यायलो.

हसू नकोस. मी आज डाळीसाठी आलेलो नाही, तेही तुला कळलंय. दिवाळीनंतर नवीन आली, खेड्यातल्या शिक्षिकेची. आणि लेखिका चांगली आहे हो, हिला मी तारे कापले नसते. सीमू इतकी सुरेख वाचत होती, मी तर रोज एकच प्रकरण ऐकायचो, संपू नये म्हणून. सतराव्या प्रकरणात त्या शिक्षिकेची आई जाते. आणि अठरावं लावलं — दुसरीच बाई! ना सूचना, ना काही. तेच गाव, तीच शिक्षिका, आणि भलत्याच बाईचा आवाज. मला वाटलं मोबाइल बिघडला. ॲपवाल्यांना फोन केला, तर तो मुलगा म्हणतो, सर, आवाज़ में क्या दिक्कत आ रही है? मी म्हटलं, दिक्कत यही है कि आवाज़ मेरी लड़की की नहीं है. तो म्हणाला ॲप काढून परत टाका. टाकलं! काढलं आणि परत टाकलं, हेमेंद्रला बोलावून, दोनदा! अठरावं तेच.

त्याला तेवीस दिवस झाले. नवीन पुस्तक नाही. चौदा पुस्तकांत तिने एकही असं अर्ध्यावर सोडलं नव्हतं. मी सतरावं प्रकरण अकरा वेळा ऐकलं. त्यात शेवटच्या ओळीआधी ती थांबते. मी छापील पुस्तक मागवलं, भिंग लावून ते पान काढलं — तिथे थांबायला काही नाही गं, साधा स्वल्पविरामही नाही. आणि ती सात सेकंद थांबते. मग ओळ वाचते आणि संपतं. गरिमा, काय झालंय तिला? आजारी आहे? आईसारखं किडनीचं तर नाही ना निघालं? की माझे ते तारे आणि ती मतं वाचून तिने ओळखलं की म्हातारा ऐकतोय, आणि माझ्यामुळे सोडलं? तू बोलतेस तिच्याशी. पहिलीपासून एका बाकावर बसलात दोघी, तू बोलत नसशील हे मला सांगू नकोस. तिने तुला शपथ घातली असेल, घालू दे — मला पत्ता नको, नंबर नको, नुसती मान हलव. बरी आहे की नाही? अगं, मी पाया पडतो तुझ्या! बघू देत लोक, काय बघायचं ते बघू देत. हां भैयाजी, बस हो गया, दो मिनट.

बरी आहे? अंगाने बरी. देवा. थांब, बसू दे मला त्या पोत्यावर... अंगाने बरी, म्हणजे? नाही, मला विचारू नकोस त्या दिवसाचं. तू सीमूच्या आईच्या तेराव्याला होतीस, तू ऐकलंस सगळं. मी काय खोटं बोललो? आत लीला पलंगावर, सीमूने शेजारी बसून तिला पुस्तक वाचून दाखवायचं, लीलाच्या हातात पुस्तक धरायची ताकद राहिली नव्हती ना. दुपारची वेळ. मी आत गेलो तर लीला संपलेली, आणि ही वाचतेय! आईचा हात हातात आणि ही वाचतेय! कोण बाप चिडणार नाही? म्हणून बोललो चारचौघांत, की आई गेली तरी हिचं वाचन थांबलं नाही, एक हाक मारली असतीस तर मी आलो नसतो का? मी बाहेरच्याच खोलीत होतो की. माझ्याही हातात कादंबरी होती, शेवटची वीस पानं, आणि शेवटची वीस पानं म्हणजे तू वाचणारी नाहीस, तुला नाही कळणार, त्यात माणसाला उठवत नाही — दुसऱ्या हाकेपर्यंत आठच उरली होती, म्हटलं एवढी—

काय? काय म्हणालो? काही नाही म्हणालो. कुठली दुसरी हाक? तू असं बघू नकोस माझ्याकडे. अगं, सीमू नेहमीच हाका मारायची, पाणी द्या, गोळी द्या, उशी सरकवा, वर्षभर तेच चाललं होतं, मला काय ठाऊक की ही हाक... आठ पानं होती गरिमा. आठ. पाच मिनिटं लागतात आठ पानांना.

काय म्हणालीस? परत सांग. तिला काय वाटतं? की आपण हाक मारलीच नव्हती? मनातल्या मनात मारली असेल, तोंडातून आवाज निघालाच नसेल — असं म्हणते ती? कधी म्हणाली? सतरावं वाचून उठली, तेव्हा. स्टुडिओतून तुला फोन केला... आणि माइकसमोर बसलं की हाच विचार येतो की आपला आवाज निघतोय की नाही. म्हणून सोडलं. अरे देवा. अरे देवा! नाही गं, निघाला होता. चांगला निघाला होता! गल्लीत ऐकू जाईल असा! मी सहा वर्षं तिला... मी तिला वेडी ठरवली, गरिमा. लोकांना खोटं सांगितलं ते सांगितलं, पण तिला ते खरं वाटलं. तिचा बापावर विश्वास बसला. मला वाटायचं ती माझा राग करते. करायला हवा होता गं, राग करायला हवा होता!

नाही, फोन नको लावू. माझ्याने नाही होणार, ती हॅलो म्हणाली तर मी तिथेच... रेकॉर्ड? व्हॉट्सॲपवर? म्हणजे मी बोलायचं आणि तिने ऐकायचं. आण. चालू झालं? — सीमंतिनी, आशीर्वाद. ती शिक्षिकेची कादंबरी तू फार छान वाचलीस, लेखिकेची भाषा जरा अलंकारिक आहे खरी, पण — खोड. खोड ते. काय बोलतोय मी. परत. — सीमू, माझं ऑपरेशन झालं, आता डोळे ठीक आहेत, तू काळजी... खोड गं, हेही खोड. तिने कशाला माझी काळजी करायची? पाणी दे थोडं. थंड नको. नाही, तू नको सांगू माझ्यातर्फे, खोटं मी बोललो तर खरंही मलाच बोलू दे. कर चालू. भैयाजी, आप ज़रा बाहर रुकेंगे? मेहरबानी.

सीमू. बाबा बोलतोय. तू हाक मारली होतीस. दोनदा मारलीस. पहिल्यांदा नुसतं 'बाबा', आणि दुसऱ्यांदा 'बाबा, आई कसंतरी करतेय, या ना'. मोठ्याने. मला ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा ऐकू आलं. मी पुस्तक वाचत बसलो, उठलो नाही. आणि तू वाचत का राहिलीस ते पण मला माहीत आहे — आईने तुझं मनगट धरलं होतं, घट्ट, मी आलो तेव्हा तिची बोटं मला सोडवावी लागली. तुला उठता येत नव्हतं. मी हे कुणालाच सांगितलं नाही. तेराव्याला सगळ्यांसमोर मी खोटं बोललो. तुझा आवाज निघाला होता, बेटा. तुझं काहीसुद्धा चुकलं नाही. चुकलं ते माझं.

बस. बंद कर. नाही, मला परत ऐकवू नकोस, तसंच पाठव... गेलं? मग आता काय होतं? तिने ऐकलं की कळतं? कसं कळतं? तो माइक निळा होतो... अजून करडाच आहे. कामात असेल. फोन ठेव तिथे, तराजूजवळ, दिसेल असा. हे घे डाळीचे, सुटे नाहीत, राहू दे. नाही, घरी नको पाठवू मला, रिक्षा नको, मी बसतो इथेच, पोत्यावर. झाला? निळा झाला?... ऐकतेय. आत्ता ऐकतेय ती... बोलाव त्यांना आत, तू तुझी गिऱ्हाइकं बघ. माझ्याकडे नको बघू. मी आता काही बोलत नाही.